झिऱ्याचा पुदिना

आमच्या घरात पुदिने दोन होते, एक बाजाराचा आणि एक झिऱ्याचा, आणि दोघांना एकाच तोंडाने पुदिना म्हटलं की काकी अंगावर यायची. काकी म्हणजे माझी थोरली चुलती. बाजाराचा पुदिना दादा आणायचे, म्हणजे माझे वडील. ते चिंचवडला कंपनीत होते. पहिल्या शिफ्टवरून सायकलने येताना मंडईतून सुतळीने बांधलेली जुडी आणत. ती चुलीशेजारी तांब्यातल्या पाण्यात उभी राही आणि तिसऱ्या दिवशी काळी पडे. झिऱ्याचा पुदिना मात्र घरात साठवलेला मला आठवत नाही. लागला की खालच्या रानात जायचं, मूठभर खुडायचा आणि आल्या पावली पाट्यावर घ्यायचा. काकी बाजारच्या जुडीला नाक लावून म्हणायची, "ह्यो नुसता वास दावतोय. अंगात काय न्हाई त्याच्या." दादांना ते लागे. हौसेने आणलेल्या वस्तूला घरात असं कुणी बोललं तर कुणालाही लागेल. पण काकीला गप्प करायची टाप घरात फक्त आण्णांची होती, आणि आण्णा, म्हणजे काकीचे यजमान आणि आमच्या घराचे कारभारी, असल्या भानगडीत पडत नसत.

आमचं घर पुनावळ्याच्या शिवेला होतं. दिवसातून तीनदा लांबून कंपनीचा भोंगा ऐकू यायचा आणि आई त्यावर स्वयंपाकाचं वेळापत्रक बसवायची. पहिला भोंगा झाला की दादांचा डबा, दुसरा झाला की पाट्यावरचं वाटण. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची टुकटुक दिवसभर चालू असे आणि ती थांबली की सगळेजण एकदम मान वर करून बघत. हिवाळ्यात सकाळी हुलग्याचं माडगं व्हायचं. उकळी फुटली की काकी त्यात झिऱ्याचा पुदिना हातावर चुरडून टाकायची, आणि तो वास ओसरीपर्यंत आला की आम्ही भावंडं अंथरुणातून न सांगता उठत असू. उन्हाळ्यात तोच पुदिना हिरवी मिरची, लसूण आणि भाजलेल्या कारळ्यांबरोबर वाटून भाकरीवर. पोटात दुखलं तर मीठ घालून, उलटी झाली तर ताकात. आमच्या घरात डॉक्टर उशिरा आला, तो या पुदिन्यामुळे, असं काकी छाती पुढे काढून सांगायची.

तिने मला तो ओळखायला शिकवला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. काकी शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिच्याइतकी कडक परीक्षा पुढे कॉलेजातही माझी कुणी घेतली नाही. "डोळं मिट," ती म्हणायची आणि हातात काडी द्यायची. "फिरव बोटात." देठ अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवायचा, चार कडा लागल्या पाहिजेत. गोल फिरला की ती अंबुली. अंबुलीलाही वास असतो, तीही ओल्यातच उभी असते, आणि अनाडी माणूस हमखास फसतो. मग पानं. समोरासमोर जोडी, वरची जोडी खालच्या जोडीला आडवी. मग फूल, आणि सगळ्यात मोठी खूण तीच. बाजारच्या पुदिन्याला चुकूनमाकून फूल आलंच तर शेंड्याला तुरा येतो. झिऱ्याच्या पुदिन्याला फुलं पानांच्या बगलेत, देठाला वेढून गोल येतात, फिक्या जांभळ्या रंगाची, प्रत्येक पेराला एक कडं. काकी म्हणायची, "बाजारचा डोईवर मिरवतोय, आपला काखंत लपवतोय." आणि खुडायचा तो नखाने, वरची दोन पेरं. विळा लावायचा नाही, उपटायचा तर मुळीच नाही, आणि फुलं धरली की महिनाभर त्याच्या वाटेलाही जायचं नाही.

जागा तर ती झाडापेक्षा जास्त शिकवायची. खालच्या शेताच्या बांधाखाली एक उंबर होता आणि उंबराच्या मुळापासून ओढ्यापर्यंत दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा ओला पट्टा होता. शेतात मुरलेलं पाणी तिथे बारा महिने झिरपून बाहेर येई. तोच आमचा झिरा. पुदिना ओढ्यात नसे, कारण ओढ्याचं पाणी पावसाळ्यात धावतं. बांधावर नसे, कारण बांध मार्गशीर्षात कोरडा पडतो. मधल्या पट्ट्यात, तेही उंबराची सावली दुपारनंतर जिथे पडते तेवढ्यातच तो होता. "पाय घोट्यापत्तुर बुडला पायजे," काकी सांगायची. "गुडघ्यापत्तुर बुडला तर मागं फिर, कोरडा ऱ्हायला तर म्होरं जा." वनस्पतीच्या अधिवासाची याहून सोपी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण आत्ताच माझं डोकं फिरलेलं आहे. मी सध्या रहाटणीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीने खाली 'देशी वनस्पती कोपरा' केला. फिती कापल्या, पेढे वाटले. एका सिमेंटच्या कुंडीत नर्सरीतला पुदिना लावलाय आणि पाटीवर लिहिलंय, 'रानपुदिना, दुर्मिळ स्थानिक प्रजाती'. शेंड्याला तुरा आलाय त्याला! मी सेक्रेटरींना म्हटलं, भाऊ, हा रानातला नाही. ते म्हणाले, "काकू, लॅटिन नाव सांगा, पाटी बदलून टाकू." म्हणून या प्रकरणात मी लॅटिन नाव लिहिणार नाही. लिहिलं की लोक ते नाव घेऊन नर्सरीत जातात, रोप आणून कुंडीत खुपसतात आणि निसर्ग वाचवल्याच्या आनंदात फोटो काढतात. तो उभा कुठे असतो, त्याला पाणी कुठून येतं, सावली कुणाची लागते, हे एक माणूस विचारत नाही. सेक्रेटरी चांगला माणूस आहे, पण मला राग यायचा तो आलाच.

आता मूळ गोष्टीकडे येते. मी कॉलेजात गेले, तीही विज्ञान शाखेला. आमच्या भावकीत तोवर मुलगी बारावीच्या पुढे गेलेली नव्हती. वनस्पतीशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला तीस रानटी वनस्पती गोळा करून, वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून आणायला सांगितलं. मी मोठ्या ऐटीत पहिलाच कागद झिऱ्याच्या पुदिन्याचा केला. सरांनी तो उचलला, हुंगला आणि लाल शाईने आडवी रेघ मारली. "लागवडीची झाडं चालणार नाहीत असं मी स्पष्ट सांगितलं होतं. मंडईत गेलीस आणि जुडी विकत घेतलीस." सगळा वर्ग हसला. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हटलं, "सर, हा आमच्या रानातला आहे." सर म्हणाले, "मग कुणीतरी लावला असेल." काकीने मला डोळे मिटायला लावून शिकवलेलं सगळं त्या एका लाल रेघेत गेलं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

काकीने कारण विचारलं. मी सांगितलं. तिला सरांपेक्षा माझाच राग आला. "तू फूल न्हेलंस का? न्हाई न्हेलं. नुसती पानं दावल्यावर कुनीबी आसंच म्हननार." मग तिने स्वतःचा नियम मोडला. भाद्रपद सरत आला होता, झिरा फुलावर होता, आणि तिने फुलाची एक काडी माझ्यासाठी खुडली. नंतर बराच वेळ तिथेच उभी राहिली. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही, पण माफी मागत असावी.

सरांची एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. फूल बघितल्यावर त्यांनी भिंग काढलं, एक जाडजूड पुस्तक काढलं, अर्धा तास त्याची पानं चाळली आणि मग वर्गासमोर म्हणाले, "मी चुकलो." असं म्हणणारा शिक्षक मला नंतर भेटला नाही. पुढच्या रविवारी ते स्कूटरवरून आमच्या रानात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसले. त्यांनी देठ बोटात फिरवलेला बघून काकी मला कोपराने ढोसत होती.

"हा कुणी लावलाय?" सरांनी विचारलं.

"आवो, लावायचा कशाला? माजी सासू नवी नवरी हुती तवा बी हितंच व्हता त्यो."

"दुसरीकडे कुठे बघितलात?"

"सांगवीकडं नदीच्या थडीला व्हता म्हनं पूर्वी. माज्या म्हाईत न्हाई. माजं म्हाईत हेवढंच."

सर उठले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. हा बाजारातला नव्हे, इथल्या मातीतला जुना रहिवासी, आणि त्यांच्या पुस्तकात या भागातली त्याची नोंदच नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मग त्यांनी उंबरापलीकडे रोवलेली चुन्याने रंगवलेली खुंटी बघितली आणि विचारलं, "हे काय?"

ती रस्त्याची खुंटी होती. कारखान्यांच्या पट्ट्याला जोडणारा नवा रस्ता आखला होता आणि त्याची एक कडा नेमकी झिऱ्यावरून जात होती. आमच्या शेताची बरीचशी जमीन वाचत होती, म्हणून घरात कुणी फार बोललं नव्हतं. सरांनी रस्त्याचं काम बघणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. आखणी फक्त तीस-चाळीस फूट ओढ्यापलीकडे सरकवा, तिथे खडकाळ माळ आहे, कुणाचंच नुकसान नाही, अलीकडे बारमाही झरा आणि दुर्मिळ वनस्पती आहे. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. साहेब येऊन जागा बघतील, जमीनधारकाचा जबाब घेतील आणि तथ्य आढळल्यास आखणीत बदल होऊ शकेल. सरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. "आता सगळं तुमच्या घरच्यांवर आहे," ते म्हणाले. "फक्त जे आहे ते सांगायचं."

जे आहे ते सांगायचं! सरांना आमची माणसं माहीत नव्हती. आमच्याकडे पँट घातलेला आणि हातात कागद असलेला कुणीही बांधावर आला, की त्याने विचारण्याआधी उत्तर तयार असे. विहिरीला पाणी आहे का? आटलंय. आंबा धरतो का? वांझ हाय. एकदा जनावरांना लस टोचणारा माणूस आला. म्हशी किती, असं त्याने विचारलं. आण्णांनी सवयीने सांगितलं, एक. मागच्या गोठ्यातून दोन म्हशी हंबरल्या, तरी आण्णा म्हणाले, "शेजाऱ्याच्या हायती." एकीला लस मिळाली, दोघी तशाच राहिल्या, आणि त्यातली एक त्या पावसाळ्यात गेली. तरी खोड गेली नाही. ही लबाडी नव्हती, हे मला आज कळतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता की सरकारला जे दिसतं त्यावर सारा बसतो, जे दिसत नाही ते आपल्याकडे राहतं. म्हणूनच झिऱ्याची जागा सात-बाऱ्यावर कित्येक वर्षं 'पोटखराब' म्हणून लागलेली होती, म्हणजे पिकाच्या कामाची नाही अशी. काही पिकत नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून कुणी तिकडे फिरकत नाही. झिरा इतकी वर्षं टिकला होता तो या एका शब्दाच्या आडोशाला, असं आण्णांचं पक्कं मत होतं.

मी घरात जीव तोडून सांगितलं. आण्णा, आता उलटं झालंय. पूर्वी खराब जमीन सोडून देत, आता रस्त्याला खराब जमीनच शोधतात. चांगलं काही आहे म्हटलं तरच वाचेल. आण्णा सुपारी कातरत ऐकत होते. "तुजा मास्तर भला मानूस हाय," ते म्हणाले, "पर त्यानं कधी सात-बारा काढलाय का? सरकारला दावलं का सरकारचं झालं. आज म्हनत्याल झाड लई मोलाचं हाय, उद्या म्हनत्याल जागा आमची, तुमी आत पाय ठिवू नगा. मग तुज्या काकीनं खुडायचा कुठनं?" मी काकीकडे बघितलं. ती भाकरी थापत होती. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्ये बी खरंच हाय."

साहेब आले ते जीपमधून, दुपारी. बरोबर कारकून नव्हता, तो रजेवर होता. सर यायचे होते, पण त्यांना परीक्षेच्या कामाला लावलं होतं. आम्ही चौघेच झिऱ्यावर होतो, साहेब, आण्णा, काकी आणि मी. साहेब बांधावरून खाली उतरले आणि बूट घालून सरळ पुदिन्यात उभे राहिले. त्यांच्या बुटाखाली पानं चुरडली आणि असा वास सुटला की आंधळ्यालाही कळावं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. साहेबांनी नाक वर केलं.

"वास कसला येतोय?"

"चिखलाचा," आण्णा म्हणाले.

"इथं काय पिकतं?"

"काय न्हाई सायेब. पोटखराब हाय. बापजाद्यापास्नं."

मी पुढे झाले. वाळवलेल्या कागदाची वही मी छातीशी धरून आणली होती. "साहेब, हे बघा, हा त्याचा नमुना. तुम्ही आत्ता ज्याच्यावर उभे आहात..." साहेबांनी पायाखाली बघितलं, मग माझ्याकडे, मग आण्णांकडे. "ही कोण?" "पुतनी. कॉलेजात जातीया," आण्णा म्हणाले, जणू ते माझं आजारपण होतं. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, दमलेल्या माणसासारखे हसले, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मग ते काकीकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. या जागेतून तुम्ही कधी काही नेता का?"

मला वाटलं, आता बोलेल. बाजारच्या जुडीवर वाटेल ते बोलणारी, दादांना, शेजारणींना, माझ्या सरांनासुद्धा न घाबरणारी काकी आता फाडफाड बोलेल. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आण्णांकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाई."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं. "कारकून नाही आज. तू शिकलेली आहेस, अक्षर बरं असेल. मी सांगतो ते लिही." मी पेन घेतलं नाही. आण्णा मला कधी रागावले नव्हते, तेव्हाही रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "शालन, लिव्ह." आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावणार? मी अजून थांबले होते. मग काकी माझ्या जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "लिव्ह बाय. कागदावर न्हाई म्हनलं म्हून जात न्हाई त्यो. आपल्यापाशीच ऱ्हाईल." आणि मी लिहिलं. 'सदर जागा पोटखराब असून तेथे काहीही उगवत नाही. जागेचा आम्ही कोणताही वापर करीत नाही.' खाली आण्णांनी सही केली, साक्षीदार म्हणून काकीने निळा अंगठा उठवला. अक्षर माझं खरोखर बरं होतं. साहेबांनी तारीफही केली.

सरांना कार्यालयाचं उत्तर गेलं, 'पाहणीत तथ्य आढळले नाही'. त्यांनी मला बोलावून विचारलं तेव्हा मी पाव तास बोलत होते. आण्णा कसे हेकट, काकी कशी ऐन वेळी भित्री, साहेब कसा आंधळा, सरकार कसं. सर ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जमीनधारकांनी स्वतः नवा अर्ज केला तर अजून वेळ आहे." जबाब कुणी लिहिला ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आजही मी त्या सगळ्यांवर चिडते. चिडायला मला काही लागत नाही, हे माझ्या मुलांना विचारा. पण त्या पाव तासात मी माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं, हे मला आता या वयात टोचतं.

संक्रांतीनंतर मुरमाचे डंपर सुरू झाले. पहिला ढीग उंबराच्या पलीकडे पडला, दुसरा अलीकडे. तिसऱ्या दिवशी काकी माडग्यासाठी पुदिना खुडायला गेली ती रिकामी परत आली. ढिगाची कड पट्ट्यावर घसरली होती, निम्मा पुदिना खाली गेला होता. ती ओसरीवर बसली, पायाचा लाल मुरूम झाडला नाही. आण्णा म्हणाले, "सरकारचं काम हाय, कोन काय करनार." काकी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांना सगळ्यांदेखत उलटून बोलली. "तुमी गप बसा! तुमच्या गप बसन्यानं आन् माज्या गप बसन्यानं झालंय ह्ये." मग माझ्याकडे वळली. "घे कागद. तवा लिव्हलंस, आता बी लिव्ह. लिव्ह का आमी खोटं बोललो. पुदिना व्हता, पानी व्हतं, मी रोज न्हेत व्हते. सगळं लिव्ह. त्याला म्हनावं, निम्मा हाय अजून, तेवढा तरी सोडा."

मी लिहिलं. तिने सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता. दुसऱ्या दिवशी ती लग्नाकार्याचं लुगडं नेसून माझ्याबरोबर बसने पिंपरीला आली. कार्यालयात आम्हाला चार टेबलं फिरवली. पाचव्या टेबलावरच्या कारकुनाने अर्ज वाचला, कपाटातून फाइल काढली, दोरी सोडली आणि त्यातला एक कागद काढून अर्जाशेजारी ठेवला. तो आमचा जबाब होता. त्याने एका कागदावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

"आणि हा?"

मी जबाबावरच्या माझ्या अक्षराकडे बघितलं.

"अक्षर एकच आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टाही नव्हती, तो नुसता बघून सांगत होता. "यात आहे म्हणता, त्यात नाही म्हणता. आम्ही धरायचं काय? सही-अंगठा साहेबांसमोर झालाय तो जबाबावर. पाहणी झाली, जबाब झाला, काम सुरू झालं. जागेवर काही नव्हतं, असं रेकॉर्ड आहे. आता बदलत नाही."

त्याची भाषा काकीच्या डोक्यावरून गेली होती. तिने माझा दंड धरला. "काय म्हनतोय गं त्यो?"

"म्हणतोय, तिथं काही नव्हतं."

"कुनी सांगितलं त्याला?" काकी एवढ्या मोठ्याने कडाडली की पाचही टेबलं आमच्याकडे वळली. "आं? कुनी सांगितलं?"

मी टेबलावर हात ठेवला. तिच्या अंगठ्याचा निळा ठसा आणि त्याच्या वरचं माझं वळणदार अक्षर, दोन्ही माझ्या पंजाखाली झाकली गेली. कारकून म्हणाला, हात काढा. मी हात काढला नाही.